टक्के, पण कशाचे? (वेबपानाची मांडणी : भाग ९)

पावसाळ्यात नाशिककराची नजर आधी धरणसाठ्याच्या तक्त्यावर जाते. गंगापूर ६० टक्के म्हटलं की पुढचा हिशेब सोपा, कारण धरणाची क्षमता ठरलेली आहे : ५,६३० दशलक्ष घनफूट. त्याचे ६० टक्के ३,३७८.

हाच तक्ता मी वेबपानावर मांडायला घेतला. डाव्या सेलमध्ये धरणाचं नाव, उजव्या सेलमध्ये साठा दाखवणारी निळी उभी पट्टी. चाचणीपुरती सगळ्या पट्ट्यांना ६० टक्के उंची दिली. पान उघडलं तर धरणं कोरडीठाक, पट्टी कुठेच नाही!

ब्राउझरची बाजूही ऐका. रुंदी बाहेरून आत येते. खिडकी केवढी आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. उंची मात्र आतल्या मजकुराप्रमाणे वाढत जाते. मग सेलची उंची पट्टीवरून ठरवायची आणि पट्टीची सेलवरून? म्हणून सीएसएसचा नियम असा : बाहेरच्या पेटीची उंची दिलेली नसेल तर आतले टक्के 'ऑटो' धरायचे, म्हणजे आत ऐवज असेल तेवढी उंची. माझ्या पट्टीत एक अक्षरही नव्हतं. उंची शून्य.

तक्ता मांडताना ब्राउझर दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत टक्क्यांकडे काणाडोळा करून रांगेतला सर्वांत उंच सेल शोधतो. मोबाइलवर 'नांदूर मध्यमेश्वर' दोन ओळींत मोडतं. २४ पिक्सेलच्या दोन ओळी म्हणजे ४८, वर-खाली चार-चार पिक्सेल पॅडिंग धरून ५६. रांगेची उंची कळली की दुसऱ्या फेरीत टक्के लावता येतात. पण क्रोममध्ये त्यासाठी तक्त्याला किंवा सेलला काहीतरी उंची लिहून दिलेली लागते. सेलला १ पिक्सेल देण्याची जुनी शक्कल इथूनच आली. सेलच्या बाबतीत उंची म्हणजे 'निदान एवढी', त्यामुळे रांग ५६चीच राहते आणि पट्टीला पॅडिंग वगळून ४८चे ६० टक्के, म्हणजे २८.८ पिक्सेल मिळतात.

शक्कल चालते, पण मला ती भरवशाची वाटत नाही. २०११ साली शिफारस म्हणून मान्य झालेल्या सीएसएस २.१ने सेलची किंवा रांगेची उंचीच टक्क्यांत दिली तर काय करायचं, हे ठरवलंच नव्हतं. मग प्रत्येक ब्राउझरने आपापली वाट काढली.

माझा कौल 'पोझिशन'ला : सेल 'रिलेटिव्ह', पट्टी 'ॲब्सोल्यूट'. पट्टी रांगेच्या हिशेबातून बाहेर पडते आणि सगळं ठरल्यावर मोजली जाते. मात्र इथे टक्के पॅडिंगसकट ५६चे, म्हणजे ३३.६ पिक्सेल. आणि 'बॉटम' शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर पाणी अधांतरी लोंबकळेल.

पुढच्या आठवड्यात याच तक्त्याचा मथळा स्क्रोल करताना वर चिकटवून ठेवू. तोवर सेलला १ पिक्सेल उंची देऊन बघा, मग ती काढून बघा, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या ब्राउझरांत पट्टीचं काय होतं ते वहीत टिपून ठेवा.