सडपातळ देहातील साखर

मधुमेह हा सुखवस्तू माणसांचा रोग, अशी आपली जुनी समजूत. गादीवर बसणाऱ्या शेठजींना तो व्हावा, यंत्रमागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराला नव्हे! पण आपल्या सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, हाडकुळ्या, कष्टाळू माणसांनाही तो गाठतोच. असे का व्हावे? या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे केला.

मधुमेहाचे मूळ प्रौढपणीच्या खाण्यापिण्यात शोधण्याचा प्रघात होता. याज्ञिकांनी ते मातेच्या उदरात शोधले. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे हृदयविकार व मधुमेहाचा धोका अधिक असतो, असे इंग्लंडमधील साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी मांडले होते. त्याची पारख आपल्या मातीत व्हावी म्हणून १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू झाला.

तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे रोडकी, एवढाच अर्थ कोणीही काढला असता. पण बारकाईने मोजमाप करता निराळेच दिसले. स्नायू खुरटलेले, चरबी मात्र बरीचशी टिकून! दिसायला कृश, आतून मेदयुक्त. चरबी अधिक आणि स्नायू थोडे असले, की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो व साखर रक्तातच रेंगाळते.

हेच सत्य याज्ञिकांनी स्वतःच्या देहावरही दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

या खेड्यांतील ज्या माता पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक सुदृढ निपजली. बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही आढळली. म्हणून २०१२ पासून त्या मुलामुलींनाच, ती आईबाप होण्यापूर्वी, हे जीवनसत्त्व देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला गेला.

मित्रहो, आपल्या घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाऊन उठते ती कोण? आई, वहिनी, बहीण. तिच्या ताटात भाकरीशेजारी पालेभाजी पडते की नाही, हा प्रश्न केवळ तिच्या पोटाचा नाही; पुढच्या पिढीच्या रक्तातील साखरेचा आहे. त्याचे उत्तर रुग्णालयात नव्हे, आपल्याच स्वयंपाकघरात द्यावयाचे आहे.