फॉर्म भरला, फोन राहिला

14 एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत मंडप पडतात. डीजेवर पैसा उधळण्यापेक्षा समाजाच्या उपयोगाचे काही करावे असे वाटणारी मंडळे रक्तदान शिबिर घेतात, वह्या-पुस्तके वाटतात आणि एका टेबलावर नेत्रदानाचे फॉर्म ठेवतात. फॉर्म भरायला आपली माणसे कचरत नाहीत. 'मेल्यावर डोळे जळून जाण्यापेक्षा कुणाच्या कामी आले तर बरेच' असे म्हणत कुणी सही करतो, कुणी अंगठा देतो. कार्यकर्ते आकडा मोजतात आणि वर्तमानपत्राला बातमी पाठवतात. ही इच्छा खोटी नसते. पण प्रश्न असा आहे की, या फॉर्मांपैकी किती डोळे प्रत्यक्षात नेत्रपेढीत पोचतात?

याचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले. माझे चुलते नगरपालिकेत मुकादम होते. जयंतीच्या शिबिरात त्यांनी फॉर्म भरला तेव्हा टेबलामागे मीच बसलो होतो. काही वर्षांनी एका पहाटे ते गेले. लेक लांबून यायची होती, म्हणून अंत्यविधी संध्याकाळी ठरला. दिवसभर मी फोन करत होतो. नातेवाइकांना केले, बौद्धाचार्यांना केला, गाडीवाल्याला केला, मंडपवाल्याला केला. फक्त नेत्रपेढीला केला नाही. जलदान विधीच्या दिवशी त्यांच्या खिशातल्या डायरीत नेत्रदानाचे कार्ड सापडले. काकू म्हणाली, "बाबा, हे राहूनच गेलं की रे." घरात कुणाचाही विरोध नव्हता, कुणाला भीतीही नव्हती. तरीही दोन डोळे वाया गेले, आणि दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता.

म्हणून आज चळवळीतल्या बंधू-भगिनींशी स्पष्ट बोलले पाहिजे. नेत्रदानाची इच्छा आणि नेत्रदान यांच्यामध्ये सहा तासांचे अंतर असते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्या वेळी फॉर्म भरणारा माणूस बोलू शकत नाही. बोलायचे असते ते त्याच्या घरच्यांनी.

आता हे दान कुणाच्या कामी येते ते पाहू. डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. इजा झाली, जखम चिघळली की तो पांढरा पडतो. आपल्या खेड्यापाड्यांत त्यालाच 'डोळ्यात फूल पडले' म्हणतात. आतला डोळा चांगला असतो, पण उजेड आत जात नाही. तो पांढरा पडदा काढून मृत व्यक्तीचा स्वच्छ पडदा बसवला की अशा माणसाला पुन्हा दिसू शकते. ही शस्त्रक्रिया जगात प्रथम 1905 साली यशस्वी झाली. भारतातली पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासला निघाली. म्हणजे विज्ञान नवे नाही, पडदेच कमी आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार जगात 70 गरजूंमागे एकच पडदा उपलब्ध होतो.

आणि हे फूल कुणाच्या डोळ्यात पडते? उसाचे पाते डोळ्याला लागते ते तोडणाऱ्याच्या. भाताचे कुसळ जाते ते मळणी करणाऱ्याच्या. दगडाची कपची उडते ती खडी फोडणाऱ्या बाईच्या डोळ्यात, आणि चुन्याची पुडी फुटते ती तिच्याशी खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यात. जखम झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीतला माणूस फडावरून दवाखान्यात जात नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. मग कुणी डोळ्यात दूध पिळतो, कुणी दुकानातून मिळतील ते थेंब घालतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशीची जखम आणखी पसरते. आठवड्याभरात डोळा जातो. आपल्या देशात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 50 वर्षांखालच्या लोकांमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळावरचा डाग हेच निघाले. हे कमावत्या वयाचे, कष्टकऱ्याचे अंधत्व आहे. ज्या समाजाच्या वाट्याला ते सर्वांत जास्त येते, त्याने नेत्रदान हा दुसऱ्या कुणाचा उपक्रम समजून कसे चालेल?

लोक मागे का हटतात? एक कारण जुने आहे. या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्माला येऊ, ही भीती. ज्यांनी 1956 साली बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला, त्यांच्या घरात तरी ती असायचे कारण नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याची कल्पना नाकारली आहे. आत्मा नाही, तर पुढच्या जन्मी आंधळे होणार कोण? पण खरे बोलायचे तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातही म्हातारी म्हणते, "जाताना अंगाला सुरी नको लावू." तिला रागावून उपयोग नाही. तिला सांगावे लागते की चेहरा विद्रूप होत नाही. डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ घरी येतो, पंधरा-वीस मिनिटांत काम होते आणि पापण्या मिटलेल्या राहतात.

दुसरे कारण अविश्वासाचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याला जिवंतपणी सरकारी दवाखान्याच्या रांगेत कुणी विचारत नाही, त्याच्या मेल्यावर मात्र डोळे मागायला येतात, असे एखाद्याला वाटले तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. त्याला शंका असते की आपले डोळे पैसेवाल्याला विकले जातील. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने असा व्यापार हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून नुसते देऊ नका, विचाराही. आपल्या जिल्ह्याच्या नेत्रपेढीत किती डोळे आले, किती बसवले, किती गरिबांना मोफत बसवले, हे मंडळांनी लेखी विचारावे. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो.

बौद्ध श्रीलंकेने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. शिवी जातकातल्या राजाने याचकाला आपले दोन्ही डोळे दिले, ही कथा तिथे लहान पोरालाही ठाऊक असते. पण कथा घरोघर असून डोळे मिळत नव्हते. डॉ. हडसन सिल्वा यांनी 1961 साली नेत्रदान संस्था उभारली आणि त्या कथेला कामाची जोड दिली. त्या छोट्या देशाने आपली गरज भागवून हजारो डोळे परदेशी पाठवले, पाकिस्तानलाही पाठवले. माजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने 1996 साली वारले तेव्हा त्यांचेही नेत्रदान झाले. दानपारमितेवर प्रवचने आपल्या विहारांतही होतात. कमी पडते ती कामाची जोड.

ती जोड अवघड नाही. पहिली गोष्ट, फॉर्म भरलेला नसला तरी नेत्रदान होते. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांनी संमती दिली की पुरे. आणि फॉर्म असूनही घरच्यांनी नकार दिला तर नेत्रपेढीची माणसे रिकाम्या हाताने परत जातात. म्हणून फॉर्मपेक्षा घरातले बोलणे महत्त्वाचे. चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, नेत्रदान करता येते. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज अशा आजारांत येत नाही. मृत्यू झाल्याबरोबर नेत्रपेढीला फोन करावा. डोळे मिटावेत, पापण्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. बस्स, एवढेच.

प्रत्येक विहाराच्या भिंतीवर जिल्ह्याच्या नेत्रपेढीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. वस्तीत कुणी वारले की बौद्धाचार्यांना जो निरोप देतो, त्यानेच हा दुसरा फोन करायचा, असे मंडळाने ठरवून टाकावे. दुःखातल्या कुटुंबाला विचारायला संकोच वाटतो हे मी जाणतो. पण न विचारल्याची बोचणीही मी जाणतो.

एक लक्षात घ्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांचा पडदा आज कुणाच्याही डोळ्यात बसतो आणि त्याला जग दाखवतो. नेत्रपेढी देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला सांगत नाही, आणि जात कुणी विचारत नाही. जात मोडण्याची भाषणे आपण पुष्कळ केली. हे काम एका फोनने होते. आमच्या घरी तो नंबर आता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. काकूनेच चिकटवायला लावला, आणि म्हणाली, "माझ्या वेळी विसरू नकोस."