टूल घरचं असलं तरी आधी चाचणी!



कोल्हारसारख्या गावात शेती साहित्याचं दुकान असेल, तर गिऱ्हाईक हमखास विचारतं, "नवीन योजना काय आलीय?" आपण मोबाईलवर लिंका जपून ठेवतो, पण दुकानाच्या ब्लॉगवर टाकायचं राहूनच जातं. अशा दुकानासाठी मी घरच्या घरी एक टूल बनवलं. खर्च शून्य.

रचना सोपी आहे. गुगल शीटमध्ये शीर्षक आणि लिंक टाकायची. ॲप्स स्क्रिप्ट रोज संध्याकाळी ती ब्लॉगरच्या गुप्त ईमेल पत्त्यावर पाठवते. मेलचा विषय हेच पोस्टचं शीर्षक. हा पत्ता कोणाला देऊ नका. ज्याच्याकडे तो आहे, तो तुमच्या ब्लॉगवर लिहू शकतो.

चाचणी वेगळ्या, खासगी ब्लॉगवर घेतली. दुसऱ्याच दिवशी कालच्या लिंका पुन्हा आल्या! मग शीटमध्ये 'पाठवले' हा रकाना वाढवला. मेल गेला की स्क्रिप्ट तिथे तारीख लिहिते आणि तारीख असलेली ओळ सोडून देते.

पुढची चूक मात्र माझी होती. ठिबकच्या अनुदानाची जुनी लिंक गेली, मुदत केव्हाच संपलेली. खऱ्या ब्लॉगवर गेली असती, तर एखाद्या शेतकऱ्याला राहात्याला फुकटचा हेलपाटा पडला असता आणि दुकानावरचा भरवसा उडाला असता.

आता सेटिंगमध्ये 'लगेच प्रकाशित'ऐवजी 'मसुदा' ठेवलंय. सकाळी चहा घेताना लिंक उघडायची, मुदत बघायची, मगच प्रकाशित करायचं. पाठवायचं काम टूलला द्या, तपासायचं स्वतःकडे ठेवा. करून बघा!