गोदीत अडलेली शस्त्रे

झिम्बाब्वेला समुद्रकिनारा नाही. परदेशातून बोटीने येणारा त्याचा माल शेजाऱ्यांच्या बंदरांत उतरतो आणि तिथून रस्त्याने किंवा रेल्वेने आत जातो. यातली एक वाट मोझांबिकच्या बैरा बंदरातून जाते, दुसरी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून लिंपोपो नदीवरच्या बाइटब्रिज नाक्यावरून. एप्रिल २००८ मध्ये ‘आन युए जियांग’ हे चिनी मालवाहू जहाज डर्बनबाहेर नांगर टाकून उभे राहिले आणि या दुसऱ्या वाटेकडे जगाचे लक्ष गेले. जहाजावर झिम्बाब्वेच्या लष्करासाठी सुमारे ३० लाख काडतुसे, १,५०० रॉकेट ग्रेनेड आणि उखळी तोफांचे हजारो गोळे होते. ती शस्त्रे डर्बनमध्ये उतरली नाहीत. शेजारच्या देशातील अत्याचारांविरुद्ध एका देशातील नागरी संघटना काय करू शकतात आणि त्यांचे हात कुठे थिटे पडतात, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

झिम्बाब्वेत २९ मार्च २००८ रोजी मतदान झाले होते. १९८० पासून सत्तेवर असलेल्या झानू-पीएफ पक्षाने संसदेतील बहुमत गमावले. अध्यक्षपदाचा निकाल मात्र पाच आठवडे दाबून ठेवला गेला. २ मे रोजी तो जाहीर झाला, तेव्हा विरोधी एमडीसीचे मॉर्गन त्स्वांगिराई यांना ४७.९ टक्के आणि अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना ४३.२ टक्के मते असल्याचे सांगण्यात आले. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसल्याने २७ जूनला फेरमतदान ठरले. मधल्या काळात, विरोधकांना मते देणाऱ्या खेड्यांत मारहाण आणि जाळपोळ सुरू झाली. सत्तेच्या या वागण्याला इतिहास होता. १९८३ ते १९८७ दरम्यान मताबेलेलँड भागात लष्कराच्या ‘पाचव्या ब्रिगेड’ने हजारो एन्डेबेले नागरिकांना मारले होते. २००५ साली ‘मुरांबात्स्विना’, म्हणजे ‘केरकचरा काढा’, या नावाच्या मोहिमेत शहरांतील झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या गेल्या. सुमारे सात लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताने दिला.

या सगळ्याबद्दल दक्षिण आफ्रिकेचे सरकार जाहीरपणे फारसे बोलत नसे. अध्यक्ष थाबो म्बेकी झिम्बाब्वेच्या प्रश्नात प्रादेशिक संघटनेच्या वतीने मध्यस्थ होते आणि त्यांचा भर पडद्याआडच्या बोलण्यांवर होता. १२ एप्रिलला हरारेत मुगाबेंना भेटल्यावर त्यांनी निवडणुकीत पेचप्रसंग असल्याचेच नाकारले. या भूमिकेमागे जुने ऋण होते. वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या लढ्यात झिम्बाब्वेने शेजारी म्हणून दक्षिण आफ्रिकेतील काळ्या जनतेची बाजू घेतली होती आणि मुगाबे स्वतः स्वातंत्र्यलढ्यातून आलेले नेते होते. त्यांच्यावर टीका करणे म्हणजे पाश्चात्त्यांच्या सुरात सूर मिसळणे, असे सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधल्या अनेकांना वाटे.

कामगार संघटनांनी त्याच ऋणाचा हिशेब वेगळा मांडला. देशातील सर्वांत मोठा कामगार महासंघ ‘कोसाटू’ हा सत्ताधारी आघाडीचा घटक, पण त्याचे सख्य झिम्बाब्वेतील कामगार महासंघाशी होते, आणि त्स्वांगिराई त्याच महासंघाच्या नेतृत्वातून राजकारणात आलेले. ऑक्टोबर २००४ मध्ये परिस्थिती पाहायला गेलेले कोसाटूचे शिष्टमंडळ झिम्बाब्वे सरकारने देशाबाहेर काढले. फेब्रुवारी २००५ मध्ये दुसरे शिष्टमंडळ हरारेच्या विमानतळावरूनच परत पाठवले. त्यामुळे २००८ साली जहाज आले तेव्हा कामगारांना हा विषय नव्याने समजावून सांगावा लागला नाही.

जहाजावरील मालाची माहिती ‘नोजवीक’ या शोधपत्रकारितेच्या मासिकाच्या हाती लागली आणि बातमी फुटली. झिम्बाब्वेवर शस्त्रबंदी नसल्याने हा व्यवहार थांबवता येणार नाही, असे सरकारी प्रवक्त्याने सांगितले. शस्त्रव्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीने हा माल देशातून पुढे नेण्याचा परवानाही दिला होता. तेव्हा वाहतूक कामगारांची संघटना ‘सटावू’ पुढे आली. सरचिटणीस रँडल हॉवर्ड यांनी जाहीर केले की संघटनेचे सभासद हा माल उतरवणार नाहीत आणि रस्त्याने पुढेही नेणार नाहीत. या नकारात वजन होते ते कामाच्या साखळीमुळे. कंटेनर क्रेनने उचलावा लागतो, धक्क्यावर ठेवावा लागतो, मग ट्रकवर चढवून हजारभर किलोमीटर न्यावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर संघटनेची माणसे होती.

डर्बनच्या गोदीला असा नकार नवा नव्हता. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा इथल्या काळ्या कामगारांनी इटालियन सैन्यासाठीचे मांस बोटीवर चढवायला नकार दिला होता. पुढे हेच हत्यार दक्षिण आफ्रिकेतील जनतेसाठीही चालवले गेले: १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेला माल अकरा दिवस उतरवला नाही.

कामगारांचा नकार कितीही पक्का असला, तरी सरकार लष्कराकरवी माल उतरवू शकत होते. ती वाट कायद्याने अडवली. सदर्न आफ्रिका लिटिगेशन सेंटर ही वकिलांची संस्था, अँग्लिकन बिशप रुबिन फिलिप आणि डर्बनमधील चर्च संघटनेचे कार्यकर्ते पॅडी कर्नी यांच्या पुढाकाराने प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आधार होता दक्षिण आफ्रिकेच्याच २००२ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याचा. मानवी हक्कांची पद्धतशीर पायमल्ली करणाऱ्या सरकारांच्या हाती शस्त्रे जाऊ देऊ नयेत, असे त्या कायद्यात म्हटले आहे. १८ एप्रिलला न्यायालयाने परवाना स्थगित केला. हुकूम जहाजावर बजावला जाण्याआधीच जहाजाने नांगर उचलला आणि ते खुल्या समुद्रात निघून गेले.

पुढचा प्रश्न दुसऱ्या बंदरांचा होता. लंडनस्थित आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील संलग्न संघटनांना सावध केले. मोझांबिकने जहाजाला दार उघडले नाही. झाम्बियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा हे तेव्हा प्रादेशिक संघटनेचेही अध्यक्ष होते. त्यांनी किनाऱ्यावरच्या देशांना जहाज घेऊ नका, असे आवाहन केले. नामिबियात कामगार आणि मानवी हक्क संघटनांनी विरोध नोंदवला. जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून अँगोलात पोहोचले. तिथले सरकार मुगाबेंचे जुने मित्र, तरी लुआंडा बंदरात फक्त अँगोलासाठीचे बांधकाम साहित्य उतरवू दिले गेले. शस्त्रे परत आणण्याचा निर्णय जहाज कंपनीने घेतल्याचे चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. मे महिन्यात झिम्बाब्वेच्या एका उपमंत्र्याने शस्त्रे पोहोचल्याचा दावा केला. चीनने तो फेटाळला.

झिम्बाब्वेतील हिंसा मात्र थांबली नाही, कारण ती बहुतांशी काठ्या, पेट्रोल आणि धमक्या यांच्या जोरावर चालली होती. त्यासाठी नव्या काडतुसांची गरज नव्हती. आपले ऐंशीहून अधिक कार्यकर्ते मारले गेल्याचे सांगत त्स्वांगिराई यांनी २२ जूनला माघार घेतली आणि फेरमतदानात मुगाबे एकटेच उरले. सप्टेंबरमध्ये म्बेकींच्या मध्यस्थीने सत्तावाटपाचा करार झाला. अध्यक्षपद मुगाबेंकडेच राहिले, त्स्वांगिराई पंतप्रधान झाले.

दक्षिण आफ्रिकेच्या आतही हे सख्य सर्वत्र सारखे नव्हते. जोहान्सबर्गच्या सेंट्रल मेथडिस्ट चर्चमध्ये बिशप पॉल व्हेरिन यांनी निर्वासितांना आसरा दिला होता; रात्री शेकडो झिम्बाब्वेयन तिथल्या जिन्यांच्या पायऱ्यांवर आणि बोळांत अंथरूण टाकत. जहाज निघून गेल्यावर महिन्याभरातच, ११ मे पासून, अलेक्झांड्रा वस्तीत आणि मग इतरत्र परदेशी आफ्रिकनांवर हल्ले सुरू झाले. त्यांत ६२ माणसे मेली. नोकऱ्या आणि घरे यांसाठी झगडणाऱ्या गरीब वस्त्यांत शेजारी देशाचा माणूस प्रतिस्पर्धी ठरला होता. संघटनेचा ठराव वस्तीतल्या घराघरात आपोआप पोहोचत नाही, हे कोसाटूलाही तेव्हा दिसले.

तरीही डर्बनमध्ये पडलेली वाट पुढे वापरली गेली. मार्च २००७ मध्ये हरारेतील एमडीसी मुख्यालयावर छापा घालून पोलिसांनी कार्यकर्त्यांचा छळ केल्याचे पुरावे त्याच वकिली संस्थेने दक्षिण आफ्रिकेच्या तपास यंत्रणेकडे दिले होते. तपासाला नकार मिळाल्यावर खटला घटना न्यायालयापर्यंत गेला. छळ परदेशात झाला असला तरी, तिथे तपास होत नसेल तर इथल्या पोलिसांनी तो केला पाहिजे, असा निकाल ३० ऑक्टोबर २०१४ रोजी एकमताने लागला.

शस्त्रव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी झटणाऱ्या संघटनांनीही या जहाजाचे उदाहरण वारंवार दिले. तो करार २०१३ मध्ये मंजूर झाला आणि २४ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. एखाद्या देशातून नुसत्या पुढे जाणाऱ्या शस्त्रांवरही त्या देशाने लक्ष ठेवावे, अशी तरतूद त्यात आहे. दक्षिण आफ्रिका सुरुवातीच्या सदस्यांत होती. ही शस्त्रे पाठवणारा चीन २०२० मध्ये सामील झाला.