मूल कडेवर, पिशवी हातात

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि घरात खरेदीच्या याद्या सुरू झाल्या. मानाच्या साड्या, आहेराची कापडं, मुलांचे कपडे. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून साड्यांचं काम बायकोवर आणि माझ्यावर आलं. सोबत आमची चार वर्षांची थोरली आणि सात महिन्यांचा धाकटा. एका रविवारी दुपारी आम्ही चौघं बालाघाटच्या बाजारात निघालो.

पहिलं दुकान मोठं, दोन मजली, चकाचक. आत शिरल्याबरोबर थोरलीने खालच्या फळीवरची एक पिशवी ओढली. लगेच मागून आवाज आला, "भैया, बच्ची को पकड़िए, माल खराब हो जाएगा." मी तिला धरलं. दहा मिनिटांनी धाकटा रडायला लागला. त्याची दूध पिण्याची वेळ झाली होती. बायकोने काउंटरवर हळूच विचारलं, "कहीं बैठने की जगह मिलेगी?" उत्तर आलं, "मैडम, यहाँ तो ऐसा कुछ नहीं है." ट्रायल रूम दोन होत्या, दोन्ही रिकाम्या. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर ऑफिसचा फोन आला आणि मी (आज लिहिताना लाज वाटते) तो घ्यायला बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा बायको दोन्ही मुलांना घेऊन दुकानाच्या पायऱ्यांवर उभी होती. आमची गाडी काली पुतली चौकाच्या पलीकडे लावलेली. भर उन्हात तिथपर्यंत चालत जाऊन तिने गाडीत बसून बाळाला पाजलं. बाजूला काढून ठेवलेल्या साड्या तशाच राहिल्या. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "हा चालायला लागेपर्यंत मी काही आता बाजारात यायची नाही."

मी हिशोब करून पाहिला. बाळ झाल्यापासून सात महिन्यांत ती लसीकरण, देऊळ आणि माहेर सोडून कुठे गेलीच नव्हती. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण दूध, भाजी, किराणा सगळं मी किंवा ऑनलाइनवाला आणून देत होता. सोय होती, पण त्या सोयीत एक माणूस घरात अडकून पडलं होतं. लहान मूल असलेल्या आईसाठी बाजार म्हणजे नुसती खरेदी नसते. चार माणसं भेटतात, दोन शब्द बोलणं होतं, आपण अजून जगात आहोत असं वाटतं. दुकानात तिला बसायला जागा मिळाली नाही, तर तिचं बाहेर पडणंच बंद होतं.

दुसरं दुकान

साड्या तर घ्यायच्याच होत्या. आठवडाभराने आईच्या आग्रहामुळे आम्ही एका गल्लीतल्या जुन्या दुकानात गेलो. गादी घातलेलं, चपला बाहेर काढून बसायचं दुकान. मालक साठीचे असतील. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी आधी थोरलीला विचारलं, "बेटा, कौन सा रंग पसंद है?" ती म्हणाली, "गुलाबी." त्यांनी गादीखालचा एक डबा काढून कापडाचे सात-आठ रंगीत तुकडे तिच्यासमोर ठेवले. पुढचा अर्धा तास ती स्वतःचं दुकान मांडून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कापड विकू लागली.

धाकटा कुरकुरायला लागताच बायको अवघडली. मालकांनी काही न विचारता आत हाक मारली. त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, अंदर आ जाइए, पंखा भी है." आत माल ठेवायची छोटी खोली, पडदा, एक प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याचा माठ. एवढंच. पण बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता.

तोवर मालकांनी मला तीनच प्रश्न विचारले होते. लग्न कधी, साड्या किती, बजेट काय? मग शंभर साड्यांचा ढीग न करता त्यांनी नेमक्या वीस-बावीस काढून ठेवल्या. पाऊण तासात अकरा साड्या झाल्या. गठ्ठा बांधून त्यांचा मुलगा गाडीपर्यंत आला, कारण "आपके दोनों हाथ तो भरे हुए हैं." लग्नाची उरलेली सगळी कापडं आम्ही तिथूनच घेतली. एकंदर खरेदी मोठ्या दुकानाच्या यादीपेक्षाही जास्त झाली. त्या पडद्याला आणि खुर्चीला किती खर्च आला असेल, याचा विचार मी व्यवसायाने इंजिनिअर असल्यामुळे लगेच केला. हजार रुपये फार झाले.

आजोबांची बरणी

हे सगळं मला ओळखीचं का वाटलं, ते नंतर आठवलं. माझ्या आजोबांचं बालाघाटमध्येच किराण्याचं लहानसं दुकान होतं. आपल्यापैकी बऱ्याच घरांचा इतिहास असाच आहे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटर, पण मधून राज्याची सीमा. त्यामुळे घरात मराठी आणि गल्ल्यावर हिंदी, असे आम्ही वाढलो.

आजोबांच्या गल्ल्याशेजारी गूळ-शेंगदाण्यांची बरणी असे आणि काउंटरच्या आत एक बुटकं लाकडी स्टूल. आईबरोबर आलेलं मूल त्या स्टुलावर बसायचं आणि मूठभर खाऊ मिळवायचं. खाऊ देण्याआधी आजोबा त्याच्या आईला मात्र विचारायचे. त्यांचा एक नियम होता : मूल रडत असेल तोवर भाव सांगायचा नाही. "रडणाऱ्या पोराच्या आईला भाव ऐकू येत नाही, आणि आला तर महाग वाटतो," असं ते म्हणत. यात दया होती तसा धंदाही होता, आणि दोन्ही एकत्र नांदत होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'एज केस' असा एक शब्द वापरतो. क्वचितच घडणारी परिस्थिती. ती सांभाळली नाही तरी चालेल, असं वाटत राहतं. पुष्कळ दुकानदारांनी लहान मूल असलेल्या गिऱ्हाइकाला असंच एका कोपऱ्यात टाकलं आहे. प्रत्यक्षात कापड, किराणा, चपला, औषधं, भांडी यांपैकी कुठल्याही दुकानात संध्याकाळी उभे राहून पाहा. दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी कडेवर मूल असतंच. हे रोजचं गिऱ्हाईक आहे.

बाहेर काय झालं

मोठ्या बाजारपेठांना हे फार पूर्वी कळलं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची खरेदीगाडी आणली. पुढे तिला मूल बसवायची घडीची सीट आली, कारण आईचे दोन्ही हात मोकळे असले तर ती निवांत फिरते. आयकियासारखी फर्निचरची दुकानं मुलांसाठी खेळायची जागा ठेवतात. आपल्याकडे हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत २०२० मध्ये ती सुरू झाली.

बिल करायच्या रांगेत चॉकलेट-गोळ्या मुलांच्या डोळ्यांसमोर लावायच्या, ही जगभरची युक्ती. पाच मिनिटांच्या रांगेत पालकांचा पराभव ठरलेला. ब्रिटनमधल्या टेस्को या साखळीने २०१५ मध्ये काउंटरवरचा हा गोड माल काढून टाकला आणि २०१६ पासून पालकांबरोबर आलेल्या मुलांना एक फळ मोफत द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये तर ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना काउंटरजवळ आणि प्रवेशदारात असे पदार्थ मांडायला कायद्यानेच बंदी आहे. गूळ-शेंगदाण्यांच्या बरणीची मला इथे पुन्हा आठवण झाली.

आपल्याकडेही हालचाल आहे. महाराष्ट्रात एसटीच्या अनेक बसस्थानकांवर 'हिरकणी कक्ष' आहेत. नाव किती चपखल आहे पाहा. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून घरी राहिलेल्या बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी ही बाजारात आलेली आईच होती. कथेत तिच्या धाडसाचं कौतुक होतं, ते व्हावंच. पण आजच्या आईला कडा उतरायला लागू नये, एवढी सोय आपण करू शकतो. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बाळाच्या देखभालीसाठी जागा असावी, असं सांगत राज्यांना त्याकडे लक्ष द्यायला लावलं. खाजगी दुकानाला हे थेट लागू नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

दुकानदार मित्रांसाठी

आपल्या मंडळात दुकान असलेली घरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी ही छोटी यादी. यातलं काहीही महाग नाही.

१. एक खुर्ची आणि एक पडदा. ट्रायल रूम असेल तर आत खुर्ची ठेवा आणि बाहेर पाटी लावा, म्हणजे विचारण्याचा संकोच राहत नाही.
२. काचेच्या आणि फुटणाऱ्या वस्तू खालच्या फळीवर ठेवू नका. तिथे मुलांनी हाताळल्या तरी चालतील अशा वस्तू ठेवा. मग "बच्ची को पकड़िए" म्हणायची वेळच येणार नाही.
३. मुलासाठी काहीतरी द्या : कापडाचे तुकडे, खडू-पाटी, रिकामी खोकी. मोबाइल नको.
४. खाऊ द्यायचा असेल तर आधी आई-वडिलांना विचारा. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असू शकते, आणि अगदी लहान मुलाच्या घशात गोळी किंवा दाणा अडकू शकतो.
५. कडेवर मूल असलेल्या गिऱ्हाइकाचं बिल आधी करा. रांगेतले बाकीचे लोक सहसा कुरकुरत नाहीत. मी पाहिलं आहे.
६. सणाच्या गर्दीत मूल चुकलं तर काय करायचं, हे नोकरांना आधी सांगून ठेवा. एकाने दारात उभं राहायचं, एकाने मुलाजवळ थांबायचं. गरज पडली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवा.
७. खेळणी विकत असाल तर आयएसआय मार्क पाहूनच माल भरा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. आणि बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात किंवा त्यावर भेटवस्तू देणं १९९२ च्या कायद्याने मना आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि आपल्यासाठी

टाळी एका हाताने वाजत नाही. आपणही काही पाळायला हवं. मूल झोपायच्या किंवा जेवायच्या वेळी खरेदीला निघू नये. मुलाने फोडलं-सांडलं तर "लहान आहे" म्हणून अंग न काढता, भरून देऊ असं स्वतःहून म्हणावं. गर्दीत जाताना मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. आणि माझ्यासारख्या बाबालोकांनो, दुकानात शिरल्यावर फोन खिशात ठेवा. त्या दिवशी दुकानदार चुकला, हे मी सगळ्यांना सांगत फिरलो. मी बाहेर गेलो होतो, हे सांगायला मला दोन महिने लागले.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमाला आलो होतो, तेव्हा बायकोने बाळाला स्टेजमागच्या सामानाच्या खोलीत, हार्मोनियमच्या पेटीवर बसून पाजलं होतं. इतक्या वर्षांत कुणालाच ते खटकलं नव्हतं, मलाही नाही. या वर्षी सभागृहाच्या बाजूची छोटी खोली मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी ठेवावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. सतरंजी, दोन खुर्च्या आणि पंखा मी देतो. पडदा शिवून द्यायचं बायकोने कबूल केलं आहे. कापड अर्थात त्याच गल्लीतल्या दुकानातून येणार आहे. ती मागच्याच मंगळवारी दोन्ही मुलांना घेऊन, माझ्याशिवाय, तिथे जाऊन पसंत करून आली.