उतारवयात लाभलेले पितृत्व

यान स्व्येराक यांचा ‘कोल्या’ (१९९६) हा झेक चित्रपट नातवंडे सांभाळणाऱ्यांनी अवश्य पाहावा. प्रागच्या दहनगृहात अंत्यविधींच्या वेळी चेलो वाजवणारा प्रौढ ब्रह्मचारी लोउका पैशांसाठी एका रशियन स्त्रीशी कागदोपत्री विवाह करतो. ती पश्चिम जर्मनीस निघून जाते. आजीच्या मृत्यूनंतर तिचा पाच वर्षांचा मुलगा त्याच्या पदरी पडतो. दोघांची भाषाही वेगळी! स्नानाच्या टबात बसून कोल्या शॉवरचा दूरध्वनी करून गेलेल्या आजीशी बोलतो. मुलांचे दुःख असेच आडवाटेने बोलते. वडीलधाऱ्यांनी ते खोडून न काढता ऐकावे. लोउकाची भूमिका दिग्दर्शकाचे वडील झ्देन्येक यांनीच केली आहे. १९८९च्या सत्तांतरानंतर आई परतते आणि लोउकाला लळा लागलेल्या कोल्याला घेऊन जाते.