मनुष्यबळ व्यवस्थापन : एक दुर्लक्षित वाट

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आले की 'पुढे काय?' हा प्रश्न प्रत्येकाला छळू लागतो. बी.एड., कायदा, स्पर्धा परीक्षा या वाटा घरोघरी ठाऊक असतात. 'मनुष्यबळ व्यवस्थापन' म्हटले, की मात्र तो कॉमर्सवाल्यांचा प्रांत समजून आपण तिकडे वाट वाकडी करीत नाही. खरे म्हणजे या विषयाची मुळे कलाशाखेच्याच अंगणात आहेत. ती कशी, हे थोडक्यात पाहू.

नाव नवे असले तरी विषय जुना आहे. गिरण्या आल्या, हजारो माणसे एका छपराखाली राबू लागली आणि पगार, रजा, अपघात यांचे प्रश्न उभे राहिले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना चळवळ करावी लागली. अशा प्रश्नांसाठी शिकलेली माणसे हवीत, हे हळूहळू पटू लागले. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट, तर १९४९ मध्ये जमशेदपूरची झेवियर संस्था सुरू झाली. टाटा संस्थेत या विषयाची पदवी दीर्घकाळ एम.ए. हीच होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आधी 'श्रमकल्याण', मग 'कर्मचारी व्यवस्थापन' आणि आता 'मनुष्यबळ व्यवस्थापन', अशी या विषयाची नावे बदलत गेली.

यात शिकायचे काय? नेमणूक, प्रशिक्षण, वेतन, बढती हा नित्याचा भाग झाला. त्याच्या जोडीला कामगार कायदे येतात. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने २९ कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. त्या आता अभ्यासाव्या लागतात. मानसशास्त्रही येते. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे प्रयोग झाले. उजेड वाढवला तर काम वाढते का, एवढाच मूळ प्रश्न होता. त्याचे सरळ उत्तर मिळेना, तेव्हा अभ्यासकांनी हजारो कामगारांशी बोलण्यास सुरुवात केली. आधी ठरावीक प्रश्न विचारले जात. पुढे कामगाराला मनातले मोकळेपणाने बोलू द्यावे, असे ठरले. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली. पण ऐकून घेणे हेही व्यवस्थापनाचे काम आहे, ही जाणीव तिथून दृढ झाली.

ऐकले नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार मात्र उभे होते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. वाटाघाटी करायच्या त्या कोणाशी? कायद्याला एक आवाज ऐकू येत होता, गिरणगावाला दुसराच. संप मोडला, पुष्कळांची नोकरी कायमची गेली. गिरण्यांच्या ऱ्हासाला जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा अशी इतर कारणेही होती. म्हणूनच हा संप समजून घ्यायला कायदा, अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र ही सारीच लागतात.

या व्यवसायातील खरी अडचणही विद्यार्थ्याने आधीच जाणून घ्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या संहितेने ती मर्यादा २५० वर आणली. या अधिकाऱ्याने पाहायचे कामगारांचे हित, पण त्याला पगार देणार मालक! कपातीची यादी त्याच्याच टेबलावर येते आणि यादीतला माणूसही त्याच्याचपुढे येऊन बसतो. इकडे आड, तिकडे विहीर अशी ही खुर्ची आहे. या खुर्चीवर बसणारा कायदा जाणणारा असेल, तर निदान नियमाने मिळणारी भरपाई त्या माणसाच्या हाती पडते. अजाण किंवा भित्रा असेल, तर तेवढेही होत नाही.

म्हणून मित्रहो, केवळ चांगल्या पगाराकडे पाहून या वाटेला जाऊ नका. आणि आपण कलाशाखेचे म्हणून मागेही राहू नका. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एखाद्या कारखान्यातील अधिकाऱ्याला भेटा, आणि त्याच कारखान्यातील एखाद्या कामगारालाही भेटा. दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेता आले, तर हा विषय तुमचा आहे, असे खुशाल समजा.